रा

तांबोळी बाईंना तेलुगू येत नाही.
हे मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं.

सिव्हिलच्या मागच्या बाजूला त्यांची खोली.
एक टेबल, दोन खुर्च्या,
तिसरी मोडकी, तिच्यावर फायली.
पंखा खटक-खट करायचा, मागासारखा,
आणि तो पंख्यातून बोलायचा.

आधी मागातूनच बोलायचा.
अक्कलकोट रोडला, रात्रपाळीत,
चोवीस मागांच्या गोंगाटात
फक्त मला ऐकू येईल असं.
चादरीवरचा मोर अर्धा सोडून मी पळालो.
मालकाने पोलिसांना नाही, आईला बोलावलं.
त्याचे उपकार.

मोठे डॉक्टर म्हणाले, तो नाहीच.
मामा म्हणाला, आहे, आणि कोंबडं मागतोय.
गोळीने तो भिंतीपलीकडे गेला.
पण भिंत आमच्या घरची, पत्र्याची.

बाईंनी विचारलं, "काय म्हणतो?"
"वाईट."
"शब्द सांगा."
"तेलुगूत आहे."
"मग मराठीत करून सांगा. मला घाई नाही."

दहा वर्षांत कुणी मला
त्याचा दुभाष्या केलं नव्हतं.

एंदुकू पनिकिरावु रा.
तू कशाच्याच कामाचा नाहीस.

मराठीत ते एवढंसं झालं,
उन्हात वाळत घातलेल्या मोज्याएवढं.
"आणि शेवटचं ते 'रा'? ते राहिलं की."
"ते काही नाही. तुमच्यात 'रे' असतं ना, तसं."
बाईंचं पेन थांबलं.
"रे म्हणतो?
रे म्हणणारं माणूस तुम्हाला
केवढे असल्यापासून ओळखतं, नरसिमलू?"

मी खिडकीतून मोटरसायकली मोजल्या.
एकोणीस.

मग मे महिन्यात दोन मंगळवार दाराला कुलूप.
चव्वेचाळीस डिग्रीत मी उभा.
तो म्हणाला, तीही त्यांच्यातलीच.
तुझे शब्द विकून खाल्ले तिने.
मला पटलं. कुलूपसुद्धा त्याच्याच बाजूने बोलत होतं.

तिसऱ्या मंगळवारी मी बसलो नाही.
"तुम्ही त्यांना सांगितलंत."
हा तुमचा आजार बोलतोय, असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, "बार्शीला आई वारली माझी.
तुम्हाला निरोप ठेवायला हवा होता. ठेवला नाही.
चुकले. राग आला?"
"आला."
"मला दिसू दे."
मी मोडकी खुर्ची ढकलली.
फायली पार दारापर्यंत.

दोघं खाली बसून गोळा करत होतो,
कुणाचे एक्स-रे, कुणाचे रेशनकार्डाचे झेरॉक्स,
तेव्हा माझ्या तोंडून निघालं, की बापू
मिल बंद झाल्यावरही दोन वर्षं
पहाटे डबा घेऊन उंबऱ्यावर बसायचे,
न वाजणाऱ्या भोंग्याची वाट बघत.
मला नवव्या वर्षी तुटलेला धागा गाठायला शिकवला त्यांनी,
मानेवर हात ठेवून.
माझी गाठ सुटली की म्हणायचे.
तेच. शेवटी 'रा' लावून.

"मग हा आवाज त्यांचा?"
"नाही. त्यांच्या चपला घालून आलेला कुणीतरी."
बाईंनी ते लिहून घेतलं नाही.
फाईल छातीशी धरून नुसत्या बसल्या,
त्यांचेही डोळे भरलेले; आईमुळे असतील.
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

तो अजून येतो. गोळीही चालू आहे.
कधी मी त्याला म्हणतो, बस, डबा उघड.
कधी सुचतच नाही, आणि डोक्यावर चादर घेऊन
सकाळ होऊ देतो.

काल घरी, आई सुपात विडी वळत होती.
तंबाखूचा वास, दिवे गेलेले.
मागून आवाज आला: तिन्नावा रा?
जेवलास का रे?

मी दचकलो. अंधारात तिचे हात शोधले.
"अम्मा, तू म्हणालीस?"
"मग कोण?"
"परत म्हण."